एकतिसावं मिनिट

छताचा उजवा कोपरा बोटभर खाली आला, तेव्हा ताईंनी भट्टीच्या झरोक्याला जवळजवळ नाकच लावलं. आत केशरी उजेड घुमत होता. वर टांगलेले पांढरे बोर्ड जिथल्या तिथे होते, पण तो एक कोपरा उतरत चालला होता. एक बोट, मग दोन. मग फारसा आवाज न करता अख्खा बोर्ड कलला आणि आत पडला.

"एकतीस मिनिटं," चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ थांबवलं.

आगीत छत साठ मिनिटं टिकायला हवं होतं.

ताई मागच्या स्टुलावर बसल्या. सात आठवडे त्यांचा कंटेनर बंदरात अडकून पडला होता. वीस वर्षं त्या समुद्रापलीकडच्या एकाच कारखान्यातून छताचे बोर्ड आणत होत्या. सोबत तिकडचं प्रमाणपत्र यायचं, ते इथे चालायचं, आणि आठवड्याभरात माल दुकानात असायचा. यंदा नियम बदलला. बाहेरून आलेला माल इथल्या भट्टीत तापवून दाखवायचा, तिकडचा कागद ग्राह्य धरायचा नाही. आणि एवढ्या सगळ्या आयातदारांत भट्टी एकच. नंबर लागेपर्यंत ताईंच्या नाकी नऊ आले होते.

त्यातही त्यांना खुपत होतं ते वेगळंच. असा नियम करा म्हणून इथल्या कारखानदारांनी जो अर्ज दिला होता, त्यावर तिसरी सही त्यांच्या सख्ख्या दादाची होती. दादांचा पत्र्याचा छोटा कारखाना होता. छत ज्या पट्ट्यांनी वर टांगतात, त्या पट्ट्या ते बनवत. "बाहेरून येणारं काय ते तपासून घ्यायला नको का, शहाणे?" एवढंच ते म्हणाले होते. 'शहाणे' हे ताईंचं लहानपणापासूनचं नाव, पण त्या दिवशी ते टोचलं. तेव्हापासून बहीणभाऊ कामापुरतं बोलत. दुकानात पट्ट्या मात्र अजूनही दादांच्याच विकल्या जात. त्यावर भांडण नव्हतं.

"म्हणजे माल परत पाठवायचा?" ताईंनी विचारलं.

बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. बाजारात त्यांना सगळे भट्टीबाई म्हणत. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि कुणाकडून चहा घेतल्याचंही कोणाच्या ऐकिवात नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांनी 'अनुत्तीर्ण' असं लिहून सही केली असती तर कोणी ब्र काढला नसता. त्याऐवजी त्या डबा टेबलावर तसाच ठेवून भट्टी निवायची वाट पाहत बसल्या. दोन तासांनी जाड हातमोजे चढवून त्यांनी आतला ढिगारा उपसायला घेतला. ताई बघत राहिल्या. मग त्यांनी झाडू उचलला.

"राहू द्या. काही हलवू नका."

मग चिमट्यात धरून भट्टीबाईंनी एक पट्टी वर काढली. एका टोकाला ती ताणून ताणून तारेसारखी झाली होती आणि तिथेच तुटली होती. पडलेला बोर्ड त्यांनी उलटा केला. वरून काळा झाला होता, कडा झडल्या होत्या, पण आतून तो अजून घट्ट होता.

"बोर्ड हरला नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी हरली. कुठून आणल्यात?"

बसवायचं सामान अर्जदारानंच आणायचं असा रिवाज होता. ताईंनी दुकानातलंच पट्ट्यांचं पाकीट उचलून आणलं होतं.

"आमच्याच दुकानातल्या," त्या म्हणाल्या. दादाचं नाव तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"फेरचाचणी एकदा मिळते. गुरुवारी एकाचा नंबर रद्द झालाय, तो घ्या. टांगायला आमच्याकडच्या सळया वापरू." भट्टीबाईंनी ती पट्टी कागदात गुंडाळून पुढे केली. "ही ठेवा. अहवालात पट्टीचं नाव येणार नाही. ती इथली आहे. इथला माल तपासायची नियमात सोयच नाही."

"मग मला कशाला देताय?"

"कुठे ना कुठे टांगलेल्या असतील ना अशा."

तीनच महिन्यांपूर्वी मुलांच्या दवाखान्याचं बाहेरचं दालन त्यांच्याच दुकानाच्या सामानानं पुरं झालं होतं. लाकडी बाकांच्या पाच रांगा, त्यांवर बसलेल्या आया, आणि वर ते पांढरंशुभ्र छत. उद्घाटनाला ताईंना पुढच्या रांगेत बसवलं होतं.

दादांच्या कारखान्यापर्यंतच्या वाटेत त्यांनी मनातल्या मनात बरंच काही जुळवलं. सही करताना हात कसा थरथरला नाही, बाहेरच्याला बोट दाखवताना घरात काय शिजतंय ते दिसलं नाही, वगैरे. वाक्य अगदी धारदार झालं होतं. आत गेल्या तेव्हा दादा यंत्राशी वाकून पत्रा सरकवत होते. डोक्यावरचे उरलेसुरले केस घामानं चिकटले होते. बहिणीला बघून त्यांनी यंत्र बंद केलं आणि कोपऱ्यातली एकुलती खुर्ची फडक्यानं पुसली.

"बस. माल सुटला का गं?"

ताईंनी कागद उलगडून पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. जुळवलेलं वाक्य काही बाहेर आलं नाही.

"एकतिसाव्या मिनिटाला," त्या एवढंच म्हणाल्या.

दादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग पत्र्याच्या गुंडाळीपाशी गेले, खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि कडेला लावलं. एकदा मोजलं. दुसऱ्या जागी मोजलं. तिसऱ्या जागीही मोजलं.

"लेबलावर एक मिलिमीटर आहे," ते म्हणाले. "हातात पाऊण येतोय."

"तू मोजत नाहीस?"

"बारा वर्षं एकाच माणसाकडून घेतोय. सुरुवातीला मोजायचो." ते खाली बसले, पालथ्या घातलेल्या डब्यावर. "मग वाटलं, आता ह्याचं काय मोजायचं."

ताईंना एकदम त्यांच्या फायलीतली वीस वर्षांची प्रमाणपत्रं दिसली. त्यांतलं एकही त्यांनी पहिल्या पानापलीकडे वाचलं नव्हतं. बोर्ड चांगले निघाले, ही त्यांची हुशारी थोडीच होती?

"ह्या गुंडाळीच्या सगळ्या पट्ट्या तुझ्याकडेच आल्या होत्या. किती जागी गेल्यात?" दादांनी विचारलं.

"तीन. दोन गोदामं. आणि दवाखाना."

दादा उठले. "आधी दवाखाना."

त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडून जाड पत्रा आणला आणि या खेपेला दर हातभर अंतरावर मोजला. शुक्रवारपासून चार दिवस दवाखान्यात काम चाललं. एका वेळी एक रांग रिकामी करायची, वरचे बोर्ड उतरवायचे, जुनी पट्टी काढून नवी लावायची, बोर्ड पुन्हा चढवायचे. बासष्टाव्या वर्षी दादा स्वतः शिडीवर चढले. कामगारांनी नको नको म्हटलं, पण ऐकणार कोण? ताई खाली शिडी धरून उभ्या होत्या आणि काढलेल्या पट्ट्या पोत्यात टाकत होत्या, एकही मागे राहू नये म्हणून तोंडानं मोजत. खांद्यावर तापानं मलूल झालेलं मूल घेतलेली एक आई जवळ आली.

"छत नवंच आहे ना हो? बिघडलं काय?"

"बिघडायच्या आधीच बघतोय, बाई," वरून दादा म्हणाले. "तुम्ही तिकडच्या बाकावर बसा, इथे धूळ आहे."

दवाखान्याचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, फेरचाचणी झाली. बोर्ड बहात्तर मिनिटं टिकला. तेव्हा ताईंचा जीव भांड्यात पडला होता. अहवाल हातात घेताना त्या म्हणाल्या होत्या, "फार आभारी आहे."

"आभार कसले, बोर्डच चांगला होता."

"बोर्डाचे नाही. तुम्ही डबा ठेवून ढिगारा उपसलात, त्याचे."

भट्टीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच कानामागे केस सारल्यासारखं काहीतरी केलं. "जेवण नंतर गरम करता येतं," त्या म्हणाल्या होत्या.

गोदामांचंही काम आटोपलं, त्यानंतरच्या सोमवारी दादांनी ताईंना फोन केला. "मोकळी आहेस का? जरा सोबत चल." कुठे ते सांगितलं नाही. दादांच्या बगलेत एक जड पिशवी होती. भट्टीच्या प्रयोगशाळेच्या दारात पोचल्यावर ताईंना कळलं.

खिडकीतल्या कारकुनानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि अर्जाचा कागद पुढे ओढला.

"माल कोणत्या देशातून आणलाय?"

"मागच्या गल्लीतून," दादा म्हणाले.

"काका, हा अर्ज आयात मालासाठी आहे. इथल्या पट्ट्यांना चाचणीची सक्ती नाही."

"सक्ती नाही ते ठाऊक आहे. बंदी आहे का?"

कारकून गोंधळला. त्यानं आत हाक मारली. भट्टीबाई बाहेर आल्या, पिशवीतली एक पट्टी त्यांनी बोटांत वाकवून पाहिली, मग ताईंकडे आणि दादांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघांचं नाक सारखं होतं, ते बहुधा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पेन काढून अर्जावरच्या 'आयातदार' ह्या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर 'कारखानदार' असं लिहिलं.

"सहा आठवड्यांची रांग आहे," त्या म्हणाल्या.

"थांबतो की."

दादांनी उभ्यानंच अर्ज भरायला घेतला. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. शेवटच्या रकान्यापाशी ते अडले. 'चाचणी कोणत्या नियमान्वये?' त्यांनी पेनाचं टोक हनुवटीवर टेकवलं. मागे दोघंजण खोळंबले होते, एकानं घसा खाकरला. ताई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या.

मग दादांनी लिहिलं : 'बहिणीने दाखवले म्हणून.'

भट्टीबाईंनी ते वाचलं. कागद फिरवून कारकुनापुढे ठेवला आणि शिक्क्याकडे बोट दाखवलं.