सुलाबाईच्या हातचं

राजेश्रीनं डावाच्या टोकावरची खिचडी तळहातावर घेतली, फुंकून जिभेला लावली आणि तशीच दारात जाऊन थुंकली. मागं वळून तिनं फळीवरच्या दोन डब्यांकडं पाहिलं. दोन्ही स्टीलचे, एकाच मापाचे. खोबऱ्याच्या किसाचा डबा काठोकाठ भरलेला होता. शेजारच्या मिठाच्या डब्यात चार-पाच मुठी मीठ उरलं होतं, तो आता तळापर्यंत रिकामा.

"खोबऱ्याचा वास कसा येईना गं?" पातेल्याशी उभी असलेली सुलाबाई म्हणाली. "कीस जुना तर न्हाई दिला त्यांनी?"

गावातल्या एका घरानं नातवाच्या वाढदिवसाचं म्हणून शाळेच्या खिचडीला कीस पाठवला होता. मीठ राजेश्रीनं स्वतःच्या हातानं घालून झालं होतं. ती हापशावर पाणी आणायला गेली तेवढ्यात हे झालं होतं.

"मावशी, गॅस बंद करा."

"का?"

"मीठ जास्त झालंय."

सुलाबाईचा हात फळीकडं गेला, रिकाम्या डब्यात शिरला, तळ चाचपून बाहेर आला. बोटं तिनं ओठांना लावली. मग ती भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसली.

चौदा वर्षं ती या शाळेत खिचडी शिजवत होती. लेकरांच्या आधी जिभेला काही लावायचं नाही हा तिचा नेम. चव पाहायचं काम मुख्याध्यापक हरिओम सरांचं, तशी वहीच होती. पण सुलाबाईच्या हातचं कधी बिघडलंच नव्हतं, त्यामुळं सर सकाळी हजेरी घेता घेताच त्या वहीत सही करून मोकळे होत. आजचीही सही झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते आणि एकची घंटा झाली की एकशे दहा ताटं रांगेत येणार होती.

राजेश्रीला इथं लागून सहाच महिने झाले होते. त्याआधीची दहा वर्षं दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर, भारतबरोबर, ऊसतोडीला जायची. लेक सृष्टी बरोबर जायची आणि अर्धं वर्ष शाळा बुडायची. यंदा पोरगी चौथीत गेली, तेव्हा राजेश्रीनं ठरवलं की हिनं एक तरी वर्ष एकाच शाळेत पुरं बसायचं. पण गावात राहून करायचं काय? तेव्हा शाळा समितीपुढं सुलाबाई उभी राहिली होती. मदतनीस म्हणून चार नावं आलेली असताना ती म्हणाली होती, "मला राजेश्रीच पाहिजे. तिचा हात चालतो अन् तोंड चालत न्हाई." यंदा भारत एकटाच गेला होता, भाऊ-भावजयीच्या जोडीत तिसरा म्हणून.

राजेश्रीनं पदर खोचला आणि ऑफिसात गेली.

"सर, खिचडी खारट झाली. मला अजून तेवढाच तांदूळ अन् मुगाची डाळ काढून द्या. बिनमिठाचं शिजवते अन् दोन्ही एक करते. तासभर लागल."

हरिओम सरांनी वहीवरून मान वर केली. आधी त्यांचा हात त्या चवीच्या वहीवर गेला, मग घड्याळाकडं नजर गेली. "दुप्पट होईल हो. उरलेल्याचं काय करायचं?"

"घरोघरी म्हातारी माणसंच हायती सध्या. लेकरांसंगं ताटात झाकून धाडू."

सरांनी कोठीची किल्ली काढली. "पोरांना मैदानात घेतो मी. पण कसं झालं हे?"

राजेश्रीनं किल्ली हातात घेतली. "माझ्या हातून पडलं."

नेमकं तेव्हाच ओसरीवर दिनकरराव आले होते. शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचा नातू दुसरीत होता, म्हणून ते आठवड्यातून एकदा तरी चक्कर टाकत. सुलाबाईचं आता वय झालं, तिला थांबवावं, असं दिवाळीपासून ते बोलून दाखवत होते. राजेश्रीनं पदर डोक्यावर ओढला.

"सहा महिन्यांत हात बसला न्हाई व्हय तुझा?" ते म्हणाले. "घरचं कालवण न्हाई हे. लेकरांच्या पोटाचा सवाल हाय."

"चुकलं, मामा."

"शनिवारी बैठक हाय. तिथं बघू."

पुढचा तासभर तिनं कुणाकडं पाहिलं नाही. ट्रॅक्टर उसाच्या फडात यायच्या आत दहा माणसांचं जेवण उरकायची तिच्या हातांना सवय होती, ती आज कामी आली. डाळ निवडायला वेळ नव्हता, तरी तिनं ती परातीत पसरून एकदा बोटं फिरवलीच. पाणी उकळलं, तांदूळ वैरला, ज्योत कमी केली. सुलाबाई दोनदा उठली आणि दोन्ही वेळा काय करावं ते न कळून परत बसली. दीड वाजता लेकरं जेवली. खोबऱ्याचा वास सगळ्या मैदानात गेला. कुणाला काही कळलं नाही. सृष्टीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जाताना सुलाबाई राजेश्रीसाठी न थांबता एकटीच निघून गेली.

संध्याकाळी राजेश्री भाकरी थापत असताना ती आली. दाराच्या चौकटीवरून हात फिरवत आत शिरली आणि चुलीच्या उजेडाशी बसली.

"तू तसं का बोललीस?"

"बोलले. झालं. आता काय त्याचं?"

"मला सांगून तरी बोलायचंस."

राजेश्रीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुमी माझ्यासाठी समितीपुढं उभ्या ऱ्हायलात, मावशी. तवा मला कुणी इचारत बी नव्हतं. ते मी इसरू व्हय?"

"म्हंजी फेडलंस."

"फेडायचं काय त्यात..."

"ऐक." सुलाबाईचा आवाज चढला नाही, पण राजेश्रीचे हात थांबले. "चौदा वर्सं लेकरं माझ्या हातचं खायलेत. कुणी म्हणलं, सुलाबाई, आज लय गोड झाली खिचडी, तर ती दुसरीनं केली असं मी कधी म्हणले न्हाई. मंग बिघडलेली दुसरीच्या नावावर कशाला? चांगलं झालं ते माझं, वाईट झालं ते बी माझंच."

सुलाबाई चुलीकडं जरा सरकली.

"अन् आज तू झाकलंस. उद्या मी परत डबा उलटा करीन, तू परत झाकशील. डब्यात मिठाच्या जागी दुसरं काय असलं म्हंजी गं? ते लेकरांच्या पोटात जायचंय."

तव्यावरून करपल्याचा वास आला. राजेश्रीनं घाईनं भाकरी उलटली. दुपारपासून तिला आपण काही चांगलं केलं असं वाटत होतं. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी तिला दिसली होती, मैदानातली एकशे दहा ताटं दिसली नव्हती.

"डोळे दाखवले का कुठं?" तिनं विचारलं.

"दाखवले की. सोनपेठला शिबिर झालं तवा. दोन्हीकडं मोतीबिंदू म्हणले. परभणीला या, काढून टाकू."

"मग?"

"मंग महिनाभर चुलीपशी जायचं न्हाई म्हणले. महिनाभर घरी बसल्यावर माझी जागा ऱ्हातीय व्हय?" सुलाबाई हसली. "चौदा वर्सं झाली. तेवढी एकच जागा हाय मला, बाई. घरात कुणी न्हाई, तुला ठाऊक हाय."

राजेश्रीनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवली आणि नवीन थापायला घेतली. "जेवून जावा," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात बैठक बसली. माणसं लेकरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दिनकररावांनी विषय काढायच्या आधीच सुलाबाई उठली.

"मीठ मी टाकलं व्हतं," ती म्हणाली. "खोबरं समजून. हिचा काही दोष न्हाई. मला सांभाळायला खोटं बोलली ही."

दिनकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. सुलाबाईला थांबवा म्हणून दिवाळीपासून सांगत होते ते. पण तिनं असं समोर उभं राहून सांगितल्यावर त्यांनाच शब्द जुळवावे लागले.

"सुलाबाई, तुमच्या कामाला कुणी नाव ठेवत न्हाई. पण आता वय..."

"मामा, मी एक बोलू?"

माना वळल्या. राजेश्री दाराजवळ बायकांच्या मागं उभी होती. समितीत ती कधी बोलली नव्हती. तिनं एका हातानं चौकट धरली.

"मावशीला परभणीला जाऊ द्या. डोळे करून येतील. महिनाभर मी एकटी सांभाळते."

"एकशे दहा लेकरं? एकटी?"

"व्हतंय. पण दोन गोष्टी माझ्या बी ऐकाव्या लागतील." हे वाक्य आपल्या तोंडून आलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, पण आता मागं फिरायला जागा नव्हती. "मावशीची जागा मावशीचीच ऱ्हायल. महिन्यानं तिथं दुसरं कुणी दिसायचं न्हाई. मी बी न्हाई. अन् रोज लेकरांच्या आधी सरांनी येऊन चार घास खायाचे. वहीत सही मंग करायची."

दिनकरराव हरिओम सरांकडं पाहू लागले. सर समोरच्या बाकावर कुणीतरी कोरलेलं नाव नखानं खरवडत होते.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "परवाची सही मी न खाताच केली होती. यांनी चाखली नसती तर तीच खिचडी पोरांच्या ताटात गेली असती."



"महिना म्हणजे महिना," शेवटी दिनकरराव म्हणाले आणि उठले. दारातून जाताना राजेश्रीजवळ थांबून हळूच त्यांनी विचारलं, "परभणीला तिच्यासंगं कोण जायलंय? कुणी नसलं तर आमची सूनबाई जाईल, तिचं माहेर हाय तिथं."

तो महिना काही सहज गेला नाही. पहिले दोन दिवस भात तळाला लागला. तिसऱ्या दिवशी पातेलं उतरवताना मनगट भाजलं. रात्री फोनवर भारतनं विचारलं, "जमायलंय का?" तेव्हा ती हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर मनगटाला खोबरेल लावत बराच वेळ बसून राहिली. मग एका सकाळी दगडाबाई नावाची शेजारची म्हातारी सूप घेऊन आली आणि डाळ पाखडायला बसली. तिचे दोन नातू शाळेत होते, लेक-सून तोडीला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी एक आली. कुणी बोलावलं नव्हतं. हरिओम सर रोज पाऊण वाजता स्वतःची वाटी घेऊन येत आणि उभ्यानंच खात. हळूहळू पातेल्यातल्या पाण्याच्या आवाजावरून राजेश्रीला तांदूळ कधी वैरायचा ते कळायला लागलं.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी, घंटा व्हायच्या बेतात, सुलाबाई फाटकातून आत आली. काळा चष्मा, नवं लुगडं. भिंतीला हात न लावता ती सरळ मैदान ओलांडून चालत आली. गॅसच्या धगीपासून लांब, रांगेच्या तोंडाशी राजेश्रीनं तिला खुर्ची दिली. लेकरं ताटं वाजवत आली.

रांगेत सगळ्यात पुढं सृष्टी होती. सुलाबाईनं चष्मा जरा वर केला, तिच्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

सृष्टी बावरली. रोज हिच्याच हातून वाढून घेणारी पोर. तिनं आईकडं पाहिलं.

"आजी, मी सृष्टी."

"आगं माय! तू व्हय!" आवाज ऐकला तसा सुलाबाईचा चेहरा उजळला. तिनं पोरीची हनुवटी धरली, तोंड इकडं तिकडं फिरवून पाहिलं. "अन् मागचा तू कोण रे? बोल की जरा. मोठ्यानं बोल."

"गोपाळ!"

"गोपाळ्या! तुला पुढचे दात न्हाईत व्हय?"

लेकरांना हा खेळच वाटला. एकेक पुढं येऊन नाव ओरडू लागलं. दरवेळी ती आवाजानं ओळखायची आणि मग चेहऱ्याकडं पाहत राहायची, पहिल्यांदाच भेटल्यासारखी. रांग काही पुढं सरकेना. राजेश्री हातात डाव घेऊन उभी होती. यातली कितीतरी लेकरं दोन वर्षांपासून या शाळेत होती. दोन वर्षं ही बाई रोज त्यांना वाढत होती, कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी, ते न चुकता. राजेश्रीनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि रांग तशीच थांबू दिली.

शेवटी सुलाबाई तिच्याकडं वळली.

"तू बोलू नको," ती म्हणाली. "तुला मी न बोलताच बघते."

राजेश्री उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करायला हात उचलला, पण तसाच खाली घेतला.

"एवढीशीच हायस व्हय तू?" सुलाबाई म्हणाली. "मला वाटलं, आता चांगली थोराड बाई झाली असशील."

राजेश्रीनं डाव तिच्या हातात दिला, पातेलं ओढून खुर्चीजवळ आणलं आणि ताटं धरायला शेजारी खाली बसली.