वीतभर लांबलेली साखळी

जमीन मोजायची लोखंडी साखळी पाहिली आहे का, मित्रांनो? तीच मी, जुनी, तेहेतीस फुटी. मला बिचारी म्हणू नका. बिचारी ती माणसे, ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मी लोहाराकडे घडले. तपासले गेले. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यावर बुलढाण्याकडची शेते मोजू लागले.

(मधल्या बऱ्याच कड्या कंटाळवाण्या. सोडा.)

मग खामगावला निघालेली कापसाची गाडी काळ्या मातीत रुतली. माझा मोजणीदार तुळशीराम म्हणजे अकलेचा खंदक. त्याने मलाच दोर म्हणून जुंपले! गाडी निघाली, मी वीतभर लांबले. त्याला पत्ता नाही.

पुढच्याच आठवड्यात रंगराव आणि त्याची शेजारीण सुभद्राबाई यांचा बांधाचा तंटा आला. कागदावर रंगरावाचे शेत रस्त्यापासून बारा साखळ्या, त्यापुढे बाईचे. मला बारा वेळा अंथरले, बारा विती जास्त गेल्या, आणि बाईची विहीर रंगरावाच्या हद्दीत आली. त्याच विहिरीवर तिची वांगी, मिरच्या, घर.

"विहीर चार फूट तीन बोटं आत!" तुळशीराम म्हणाला. "तीन डाव मोजलं, तिन्ही डाव तेच."

तीन बोटे! माझी सर्वांत लहान खूण दोन फुटांची. बोटे मोजायची माझी ऐपत तरी आहे का?

"बाई, आता काऊन अडता?" रंगराव हसला. "साखळी काय माझी सोयरी हाय?"

"लबाड मानूसबी तीन डाव तेच सांगते, भाऊ. ह्या साखळीले कोनं मोजलं?"

मित्रांनो, दर वेळी तेच उत्तर येणे ही सुसंगती. उत्तर खऱ्याला धरून असणे ही अचूकता. माझ्याकडे पहिली होती, दुसरी नव्हती. दर वेळी एकाच बाजूला, तेवढेच चुकायचे! हे कागदवाल्यांना नाही, भाजी पिकवणाऱ्या बाईला कळले.

तिने हद्दीची खुंटी ठोकूच दिली नाही. शेवटी मला तालुक्याच्या कचेरीत नेले. तिथे अंगणात साखळ्या तपासायला एकमेकांपासून तेहेतीस फुटांवर दोन दगड पुरलेले. माझे टोक दुसऱ्या दगडाच्या वीतभर पुढे लोळले. तुळशीराम मिशी चावत राहिला.

दुसऱ्या साखळीने मोजणी झाली. विहीर बाईकडे राहिली. मी अडगळीत.

आमची निगा राखा, असे मी विनवणार नाही. तुमच्याकडून ते होणे नाही. एवढेच करा. माप हाती घेण्याआधी त्याचे माप घ्या. नाहीतर आम्ही ठामपणे खोटे बोलत राहू, तुम्ही माना डोलवाल, आणि विहीर जाईल तिसऱ्याचीच.