तीन-चार नंबरची पंगत

अंजलीने तिसऱ्या पिंजऱ्यातली चिलापी मासळी काट्यावर ठेवली, ती उसळू नये म्हणून वरून ओलं फडकं टाकलं आणि आकडा वाचला. मग फडकं उचलून, काटा पुसून, पुन्हा वाचला.

"तीनशे ऐंशी ग्रॅम," ती म्हणाली. "मावशी, ही विसावी. एकही रोडकी निघाली नाही."

"मग चांगलं हाय की," विमलाबाई म्हणाल्या आणि रिकामी जाळी उगीचच पाण्यात बुडवून हलवत राहिल्या.

दोघी धरणाच्या मधोमध, पिंपांवर तरंगणाऱ्या फळीवर बसल्या होत्या. अंजली नाशिकची, इंदिरानगरात राहणारी, माशांच्या खाद्यावर पीएच.डी. करणारी मुलगी. पंधरा दिवसांतून एकदा ती एसटीने कळवणला यायची, तिथून जीपने धरणावर, आणि मासे तोलून संध्याकाळी परत जायची. मधले चौदा दिवस प्रयोगाचे, पाण्यात सोडलेले जाळीचे चार पिंजरे विमलाबाईंच्या हवाली. प्रत्येकात दोनशे मासे. एक-दोन नंबरला नेहमीचं पूर्ण खाद्य, तीन-चार नंबरला नवं, स्वस्त, नुसत्या सोयापेंडीचं. सकाळ-संध्याकाळ सारख्या मापाने टाकायचं आणि वहीत खूण करायची, एवढंच काम. विमलाबाईंच्या हातून त्यात चूक होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एकोणीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवली होती. सरपंचाचा नातू असो की वीटभट्टीवरच्या बाईचं पोर, विमलाबाईंची पळी सगळ्यांना सारखी, अशी त्यांची ख्याती होती.

घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

सहाव्या आठवड्यात तीन-चार नंबरच्या माशांची रया गेली. डोकी मोठी दिसायला लागली, पाठी सुरीच्या पात्यासारख्या. खाद्य टाकलं की धावून यायचे, सगळं खायचे आणि संपल्यावरही तोंडं वर करून तिथंच थांबायचे. विमलाबाईंनी तेव्हाच अंजलीला विचारलं होतं.

"म्याडम, ह्यांना कमी पडतंय का?"

"माप सारखंच आहे, मावशी. पण खाल्लेलं अंगी लागत नाहीये. सोयात काही घटक कमी असतात, फॉस्फरस असतो तो नीट पचत नाही. पूर्ण खाद्यात सुक्या मासळीची कुटी असते, तिच्यात हे सगळं मिळतं. नॉर्वेत साल्मन नावाचा मासा पाळतात. त्याच्या खाद्यातली कुटी त्यांनी कमी केली, पण जे जे कमी झालं ते मोजून वेगळं घातलं. ह्या खाद्यात तसं काही घातलेलं नाही. न घालता चालतं का, तेच बघायचंय."

"आन् नाय चाललं तर?"

"तर नाही चाललं, असं लिहायचं. तेही उत्तरच की."

ते विमलाबाईंना पटलं नाही. साल्मन हा कुणी श्रीमंत भावकीतला मासा असावा, त्याच्या ताटात काही उणं पडलं तर वेगळं वाढतात, एवढं मात्र त्यांना नीट कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही खाद्यं तळहातावर चुरगळून हुंगली. एक नंबरच्या खाद्याला सुकटीचा वास होता. तीन नंबरच्याला नुसता पिठाचा.

आठ वर्षांच्या असताना त्यांच्या माहेरच्या गावात एक मोठं लग्न झालं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसांची पंगत गोठ्यापलीकडे आणि सगळ्यांच्या शेवटी बसली. वाढपी बुंदीच्या लाडवांची पाटी घेऊन आला आणि अर्ध्या पंगतीतच लाडू संपले. विमलाच्या पत्रावळीवर त्याने पाटी झटकली, तेवढा चुरा पडला. "पोट भरलं ना, मग झालं," आई म्हणाली होती. पोट भरलं होतं, हे खरंच होतं.

त्या आठवड्याच्या बाजारात त्यांनी नूरबानोकडून दीड किलो सुकट घेतली. घरी येऊन ती खलबत्त्यात कुटली आणि तेलाचा हात लावून तीन-चार नंबरच्या खाद्याला चोळली. पिंजऱ्यामागे मूठभर सकाळी, मूठभर संध्याकाळी. असे साडेतीन महिने गेले. दर बाजाराला नूरबानो विचारायची, "भाभी, इतकी सुकट खातंय तरी कोण?" आणि विमलाबाई सांगायच्या, "पाव्हणे हायेत." माशांच्या पाठी भरत गेल्या तशी त्यांच्या जिवाला शांती वाटत गेली. वहीतल्या खुणाही अगदी बरोबर होत्या. आपण काही वावगं करतो आहोत, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

"मावशी, कळतंय का तुम्हाला?" अंजली आता हसत होती. उन्हाने रापलेल्या तिच्या तोंडावर इतकं मोकळं हसू त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "तीन नंबर एक नंबरच्या बरोबरीला आला. म्हणजे कुटी नसली तरी चालतं. मच्छीमार सोसायटीच्या चोवीसच्या चोवीस पिंजऱ्यांना पुढच्या हंगामात हेच खाद्य घालता येईल. आज बैठकीतच सांगते."

विमलाबाईंचा जाळीवरचा हात थांबला. चारशे जीव आपण उपाशी राहू दिले नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब होता. माशांनी धरलेलं अंग त्या खाद्याच्या नावावर लागेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. चोवीस पिंजरे, एकेकात दोन हजार मासे आणि धरणात जमिनी गेलेली अठरा घरं त्यांच्यावर जगणारी. त्यांना पाण्याकडे बघवेना.

"म्याडम, मी त्यांना सुकट घालत व्हते."

"कुणाला?"

"तीन-चारला. कुटून. रोज."

अंजलीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला थोडा वेळ लागला.

"किती?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?"

विमलाबाईंनी मूठ मिटून दाखवली. अंजली त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने वही मिटली.

"का घातली, मावशी?"

"बघवंना."

ती ओरडली असती तर विमलाबाईंना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "फेलोशिप मार्चला संपते माझी. परत करायचं म्हणजे अजून एक हंगाम. माझे गाईड सर तो नाही देणार." मग काही वेळाने, "बाबा रिटायर झालेत."

"मी सांगते बैठकीत. चूक माझी हाय. तुमच्यावर नाय येऊ देणार, पोरी."

चार नंबरचं वजन राहिलं होतं. अंजलीने वही पुन्हा उघडली आणि दोघींनी ते पूर्ण केलं.

बैठक काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सोसायटीचे अध्यक्ष सावळीराम हे विमलाबाईंचे चुलतदीर, अठरा घरांची मोट बांधून ठेवणारा सरळ माणूस. अंजलीने आकडे वाचून दाखवले. आवाज बारीक होता, पण आकडे चांगले होते आणि खाद्य स्वस्त होतं, त्यामुळे शेडमधल्या प्रत्येकाला ते स्पष्ट ऐकू आले. तेवढ्यात विमलाबाई उठल्या.

"भावजी, ते मासं त्या खाद्यानं नाय वाढले. मी सुकट घालत व्हते."

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. हसण्यात खोट नव्हती, माया होती.

"वहिनीचा जीव लय मऊ," सावळीराम म्हणाले. "शाळेतबी पोरांना चोरून गूळ द्यायची. आवं वहिनी, मूठभर सुकटीनं दोनशे मासं वाढत असते, तर एवढी शिकलेली माणसं कशाला लागली असती?"

"खरं सांगते, भावजी. लय वाळले व्हते ते."

सावळीराम अंजलीकडे वळले. "काय म्याडम, व्हतं का असं?"

अंजलीच्या हातात पेन होतं. तिने त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. विमलाबाई तिच्याकडे बघत होत्या.

"मूठभर सुकटीनं किती फरक पडला," ती म्हणाली, "ते नक्की सांगता येणार नाही."

हे खोटं नव्हतं. किती ग्रॅम ते खुद्द घालणारीलाही माहीत नव्हतं. सावळीरामांनी मान हलवली आणि विषय नव्या खाद्याच्या गोण्या केव्हा उतरवायच्या याकडे गेला. विमलाबाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या. आणखी एक वाक्य बोलता आलं असतं: म्याडमला ठाऊक हाय, मघाशीच सांगितलंय. ते ओठांवर आलं होतं. पण अंजली खाली बघत होती. तिच्या मानेवरचं ऊन लागून सोललेलं कातडं विमलाबाईंना दिसत होतं, आणि त्या खाली बसल्या.

जीप निघताना अंजलीने त्यांच्या पायाला हात लावला. आजवर तिने तसं कधी केलं नव्हतं.

पुढच्या हंगामात चोवीस पिंजऱ्यांत बोटाएवढी पिल्लं सोडली. गोण्या वेळेवर आल्या. सहावा आठवडा लागला आणि डोकी मोठी दिसायला लागली. सावळीराम म्हणाले, पाणी गार हाय यंदा, धरतील अंग. विमलाबाईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत, पण वर्षभराचं खाद्य गोदामात येऊन पडलं होतं. त्याच आठवड्यात अंजलीचा फोन आला.

"मावशी, कसे आहेत मासे?"

"खातात."

"आणि वाढ?"

विमलाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. "तुमचं झालं का लिहून?"

"झालं," अंजली म्हणाली.

बाजारात नूरबानोने न विचारताच दीड किलो सुकट तोलली. घरी विमलाबाईंनी ती कुटली, तेलाचा हात लावला आणि आठवडाभर पुरवायची म्हणून एका वेळेपुरतीच लहान डब्यात घेऊन पहाटेच फळीवर आल्या. पहिल्या पिंजऱ्यातले मासे तोंडं वर करून थांबले होते. त्यांनी मूठ भरली, पुढच्या तेवीस पिंजऱ्यांकडे पाहिलं आणि मूठ परत डब्यात सोडली. मग फक्त चिमूट घेतली. पहिल्याला चिमूटभर, दुसऱ्याला चिमूटभर, एकालाही जास्त नाही, एकालाही कमी नाही. अर्ध्यावर येईतो डबा निम्म्याखाली गेला होता, म्हणून चिमूट आणखी लहान केली. दोन हजार माशांच्या उसळीत ती कुणाच्या तोंडाला लागली असेल, हे सांगणं कठीणच होतं.

तेविसाव्या पिंजऱ्याशी डबा रिकामा झाला. चोविसाव्यातले मासे वाट बघत होते. विमलाबाई वाकल्या, डब्यात धरणाचं पाणी घेतलं, बोटांनी कडा खरवडून तो विसळला आणि ते पाणी चोविसाव्यात ओतलं.