मेमरीला वळसा

अजून आखल्याच न गेलेल्या तारांची लांबी सांगणं, हे भाविकाचं काम होतं. चिपचा आराखडा ठरतो तेव्हा कुठला भाग कुठे बसणार एवढंच ठरलेलं असतं. त्यांना जोडणाऱ्या लाखो तारा, केसापेक्षाही कितीतरी बारीक, नंतर आखल्या जातात. पण त्या किती लांब होतील आणि किती वीज खातील, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, नाहीतर सगळं काम झाल्यावर चूक सापडते. ऐरोलीतल्या एका लहान कंपनीसाठी ती हे अंदाज बांधायची, बरेचदा उरणच्या घरी बसूनच.

यंदाची चिप कानाच्या मशीनसाठी होती. बॅटरी वाटाण्याएवढी. सकाळी कानात घातलेलं मशीन रात्री झोपेपर्यंत चाललं पाहिजे, ही अट. आराखडा पूनमचा होता. तिने अख्खा पावसाळा त्यात घातला होता, आणि तो दिसायलाही सुबक होता. दिवाळीनंतर भाविकाने त्यावर आपलं गणित लावलं, तर बॅटरी दिवेलागणीलाच संपत होती. तिने आकडे पुन्हा तपासले. उत्तर तेच आलं.

पूनम भाताच्या झोडणीसाठी रायगडातल्या तळा गावी आपल्या घरी गेली होती आणि तिथूनच काम करत होती. भाविकाने फोन केला.

"अंदाजच ना तो?" पूनम म्हणाली. "आराखड्याचं सॉफ्टवेअर, आपलं टूल, तर सगळं ठीक आहे म्हणतंय. मला आता वेळ नाही गं." आणि तिने फोन ठेवला.

त्यांचा वरिष्ठ अल्पेश म्हणाला, "गुरुवारच्या मीटिंगमध्ये थेट मांड. सगळ्यांसमोर ती काय वाद घालणार?"

ते भाविकाला खटकलं. सगळा पावसाळा एका कामात घातलेल्या बाईला ते चुकलंय हे सगळ्यांसमोर कळावं, हे तिला पटेना. मंगळवारी सकाळी तिने वडिलांकडे गाडीची चावी मागितली.

"तल्याला? कामासाठी?" दिनानाथ म्हणाले. त्यांचे स्वतःचे ट्रेलर बंदरावर चालत, सगळे रस्ते त्यांना पाठ. "कोलादच्या पुरं रस्ता खोदलाय. गारी सावकाश ने."

ती पोचली तेव्हा पूनमची आई काशी अंगणात भात पसरत होती. "भाविका व्हय तू?" तिने हात झटकत विचारलं. "ती मागं पडवीत हाय. रेंज तिथंच येते."

पूनम लॅपटॉप मांडून बसली होती. भाविकाला बघून तिला आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही.

"एवढ्या लांब आलीस म्हणजे बातमी वाईटच असणार."

"माझा आकडा चूकही असेल. पण तो तू पहिल्यांदा मीटिंगमध्ये बघावास, हे मला नको होतं."

पूनमने बाजूची खुर्ची ओढून दिली. भाविकाने पडद्यावर बोट ठेवलं. "हा हिशोब करणारा भाग, ही त्याची मेमरी. जोडण्या मेमरीच्या पलीकडच्या कडेला आहेत. टूल सरळ अंतर मोजतंय. पण तारा मेमरीच्या अंगावरून नेता येत नाहीत, त्यांना वळसा पडतो. त्यात सगळ्या या अरुंद बोळातून जाणार. इतक्या चिकटून गेल्या की एकीचा दुसरीवर भार पडतो, वीज आणखी लागते."

"सगळ्या बोळातून कशाला जातील? तारांच्या थरांपैकी वरचे दोन मी त्यांच्यासाठी मोकळे ठेवलेत."

भाविका थांबली. "ते आराखड्यात कुठे दिसत नाही."

"अजून नोंदवलं नाही मी," पूनम जरा हळू आवाजात म्हणाली.

मग दोघींनी ठरवलं, भांडत बसण्यापेक्षा तेवढा एक कोपरा खरोखर आखून बघू. ऑफिसच्या सर्व्हरवर काम लावलं. त्याला वेळ लागणार होता. काशीने जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. जेवून दोघी भात आत घ्यायला गेल्या.

"अल्पेशने तुला मीटिंगमध्येच बोल म्हणून सांगितलं असणार," पूनम सूप भरता भरता म्हणाली.

"हो. तू वाद घालशील म्हणाला."

"घातलाच असता."

दुपार उतरताना उत्तर आलं. वळसा भाविकाने धरला होता तेवढा मोठा नव्हता, पण टूल म्हणत होतं तेवढा लहानही नव्हता. बॅटरी रात्रीच्या जेवणापर्यंत पुरत होती. झोपेपर्यंत नाही.

पूनमने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने पडद्यावरचा मेमरीचा चौकोन उचलला आणि उलटा फिरवून ठेवला, जोडण्यांची बाजू हिशोबाच्या भागासमोर येईल असा. सगळ्यात जास्त वापरातल्या तारा आता समोरासमोर आल्या.

"आधीच अशी का ठेवली नाही?" भाविकाने विचारलं.

"अशी ठेवली की उजवी बाजू सगळी मोडते. सगळं पुन्हा मांडायला लागेल." तिचे डोळे भरून आले होते, तिने ते मनगटाने पुसले. "पावसाळा गेला माझा."

"डावी बाजू तशीच राहते. उजवीला मी येते तुझ्याबरोबर. तू जागा बदलत जा, मी लगेच तारांचा अंदाज देत जाईन."

काशीने त्या संध्याकाळी भाविकाला परत जाऊ दिलं नाही. रात्री दोघींनी उजव्या बाजूची कच्ची मांडणी करून ती सर्व्हरवर लावली. सकाळी चहा घेताना नवं उत्तर आलं. बॅटरी झोपेपर्यंत पुरत होती, वर थोडी शिल्लकही.

गुरुवारी पूनमनेच सगळं मांडलं: जुना आराखडा, त्यातली चूक, नवी मांडणी, आणि काम लांबणार हेही. अल्पेशने भाविकाकडे बघितलं.

"तू आधीच बोललीस हिच्याशी?"

"हो. नाहीतर आज नुसती चूक कळली असती, उपाय नाही."

तो थोडा नाराज दिसला. मग कॅलेंडर उघडून त्याने नवी तारीख टाकली.

पुढच्या पावसाळ्यानंतर तयार चिप परदेशातून आल्या. पहिलं जोडलेलं मशीन पूनमने सकाळी स्वतःच्या कानात घातलं, आवाज अगदी बारीक ठेवून, आणि ते तसंच घालून ती दिवसभर काम करत राहिली. चहाच्या वेळी भाविकाने विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"सगळंच. तुझ्या बांगड्या. आणि अल्पेश तिकडे फोनवर बायकोला सांगतोय की मीटिंग चालू आहे."

भाविकाला हसू आवरेना. रात्री पूनमचा मेसेज आला. जेवण झालं, भांडी झाली, आता झोपते. मशीन अजून चालू आहे.