कपाट उतरवणारे भाऊ

दोघा भावांचं एक नाटुकलं शहरभर गाजलेलं होतं. अरुंद जिन्यावरून लाकडी कपाट खाली उतरवायचं, बस. थोरला खालच्या बाजूला, सगळा भार त्याच्या अंगावर; धाकटा वर, नुसते हुकूम सोडणारा. मोठ्या कलाकेंद्राचा उन्हाळी महोत्सव या कपाटावाचून पार पडत नसे. लोक पोट धरधरून हसत.

हिवाळा सरता सरता थोरला गेला. फुप्फुसाचं दुखणं; कळलं तोवर हाताबाहेर गेलेलं.

यंदा धाकटा नाहीच म्हणणार होता. पण वहिनीच म्हणाली, "करा, भावजी. घरात बसून भिंतींशी बोलणार आहात का?"

केंद्राने थोरल्याच्या जागी एक नट दिला. अंगाने आडवा, म्हणून सगळे त्याला गोणी म्हणत. माणूस भला आणि कष्टाळू. गेल्या वर्षीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहून त्याने थोरल्याचं वाकणं, कण्हणं, सगळं उचललं. तालमीत मात्र तो हातचं राखूनच करायचा.

प्रयोगाच्या संध्याकाळी उघड्या मंचाच्या फळ्या अजून तापलेल्या होत्या. तोंडाचा रंग घामाने ओघळत होता. वहिनी पहिल्या रांगेत बसली होती.

कपाट अर्ध्या जिन्यावर आलं आणि गोणी खोकला. कोरडा, लांबलेला, शेवटी श्वास अडकणारा खोकला.

धाकटा वरच्या पायरीवर थबकला. हा खोकला नाटुकल्यात नव्हताच मुळी. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याला खरीच ढास लागली होती, आणि वेळ मारून न्यायला धाकट्याने वरून हाणलं होतं, "आधी खोकून घे, कपाट कुठं पळून जातंय?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला होता.

गोणी त्याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने पुन्हा खोकून दाखवलं. लोक हसू लागले.

"दादा, ठेव ते," धाकटा म्हणाला. "ठेव खाली. तू वर जा, मी धरतो."

गोणी गोंधळला, पण वर गेला. धाकट्याने खालची बाजू खांद्यावर घेतली. एवढं जड असतं हे, त्याला ठाऊकच नव्हतं. लोकांना वाटलं, नवीन गंमत घातलीय. उरलेला जिना तो हशातच उतरला.

रंगपटात गोणी अवघडून उभा राहिला. "माझं काही चुकलं का हो?"

"नाही रे. हुबेहूब केलंस," धाकटा म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

गोणी गेल्यावर वहिनी आली. पदराचं टोक चुरगाळत बसली.

"मी गेल्या वर्षी त्याला तसं बोललो, वहिनी," तो म्हणाला.

"मीही हसले होते, भावजी. सगळ्यांत मोठ्यानं." आणि तिचा बांध फुटला.

गर्दी ओसरेपर्यंत दोघं आतच बसून राहिले. बाहेर जो तो हसत हसत पाठ थोपटणार होता, आणि ते त्यांना सोसलं नसतं.