बिभीषणरावांच्या नंबरचा मोबाईल

मित्रांनो, माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेला आहे आणि माझी बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. तुम्ही ओळखलंच असेल, मी कंपनीचा एक जुना मोबाईल. आमचं ऑफिस सोलापुरात. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना आमची कंपनी यंत्र विकते. दुधाचं वजन, फॅट सगळं त्यात आपोआप नोंदलं जातं आणि शेतकऱ्याला लगेच मेसेज जातो.

मी पेटीतून बाहेर आलो तो बिभीषणरावांच्या हातात. अक्कलकोटकडची सगळी गावं विक्रीसाठी त्यांच्याकडे होती. ते मला शर्टाच्या खिशात ठेवत, अगदी छातीला लागून. मराठीत सुरू झालेलं त्यांचं बोलणं कानडीत कधी शिरे ते मलाही कळत नसे. लोक त्यांच्यावर जीव टाकत आणि माझंही कौतुक होई. "साहेब, तुमचा फोन लई नशीबवान बगा, सारखा वाजतोय की!"

चैत्रात एका दुपारी एसटी स्टँडवर ते बाकावर बसले आणि बसल्या जागीच गेले. त्यांच्या छातीतली धडधड थांबलेली सर्वांत आधी मला कळली. मित्रांनो, त्यानंतरही मी वाजत राहिलो. थंड होत गेलेल्या त्या छातीवर कितीतरी वेळ वाजत राहिलो.

पुढे मी ऑफिसच्या कपाटात पडून होतो. मग एक दिवस मला पुसून इंद्रायणीबाईंच्या हातात दिलं. चाळिशी केव्हाच ओलांडलेली बाई. एका खाजगी शाळेत मुलांना अक्षरं शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले, आणि त्याच उन्हाळ्यात शाळा बंद पडली. आता यंत्रं विकायची. दिवाळीपर्यंत एक तरी केंद्र मिळालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

"मॅडम, बालवाडी सुटली बरं का," ऑफिसातले वरिष्ठ गंगाधर सर म्हणायचे. "इथं गोष्ट सांगून भागत नाही, सही आणावी लागते."

घरी लेक चेतनासुद्धा चिडवायची, "आई, तू गिऱ्हाईकाशी बोलतेस ना, तेव्हा वाटतं आता त्याला अंगठे धरून उभं करशील!"

बाई हसायच्या. पण हातात मला घेतलं की त्यांचं हसू मावळायचं. त्या 'नमस्कार' एवढंच लिहीत आणि मी जुन्या सवयीनं पुढचे शब्द सुचवी, 'मी बिभीषण'. त्या ते खोडत. मी पुन्हा सुचवी. फोन उचलला की पलीकडून आवाज यायचा, "साहेब, कुटं गायब झालात?" जिवंत बाईच्या कानाशी मी गेलेल्या माणसाला आलेल्या हाका धरून उभा असे.

त्यातलीच एक हाक शांतम्माची. सीमेजवळच्या गावातलं दूध केंद्र ती चालवते. तिनं यंत्र घेतलं की आजूबाजूची केंद्रं मागोमाग घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब हायत का? माजी गाय व्याली म्हनावं. चीक फ्रीजात ठिवलाय, खरवस खायला या म्हनावं!"

गावाकडे चीक कुणी विकत नाही, मित्रांनो. गाय व्यायली की आपलं माणूस बोलावून खाऊ घालतात. त्या हसऱ्या आवाजाला मरणाची बातमी फोनवरून कशी द्यायची? बाईंच्या तोंडून निघून गेलं, "साहेब बाहेरगावी गेलेत, अक्का."

"येऊंद्या की. आल्यावर यंत्राचं बी बगू. त्येनीच सांगितलेलं यंत्र हाय, त्येंच्यासमोरच सही करीन."

एकदा बोललेलं पुढच्या फोनला फिरवता येईना. शांतम्मा पुन्हा विचारायची, बाई पुन्हा बाहेरगावी म्हणायच्या. प्रत्येक वेळी बिभीषणराव थोडे जिवंत व्हायचे. शेवटी त्या स्वतःच निघाल्या. यंत्राची बॅग खांद्याला, मी पर्समध्ये.

शांतम्मानं खरवसाच्या दोन ताटल्या मांडल्या. "साहेब मागनं येत्यात व्हय?"

बाईंनी ताटलीला हात लावला नाही. "अक्का, साहेब नाहीत. चैत्रातच गेले."



"हौद्री? खरं का?" शांतम्मा पुटपुटली. मग एकदम तडकली, "मग इतके दिस बाहेरगावी म्हनत हुतीस ती? मी त्येला जित्ता धरून चीक राखला की गं!"

"फोनवर सांगायला जीभ रेटेना, अक्का. तुम्ही हसत होता."

"तवाच हितं यायचं. हितं बसून सांगायचं."

तिनं दोन्ही ताटल्या आत नेल्या. त्या दिवशी सौद्याचा शब्दही निघाला नाही. बॅग उघडली नाही. दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, म्हणून बाई नुसत्या उठल्या आणि चालू लागल्या. नोकरी गेली, असंच त्या धरून चालल्या होत्या.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी वाजलो. शांतम्मा! "ह्यालो, साहे..." तिचा आवाज तिथेच अडला. मग हळूच म्हणाली, "तंगी, तुजं नाव काय गं?"

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. 

"इंद्रायणी."

"यंत्र घिऊन ये, इंद्रायणी. पन आदी जेवायचं, मग सही."

नोकरी पक्की झाली. बाईंना नवा मोबाईल मिळाला, नवा नंबर मिळाला. ऑफिसनं मला बंद करायचं ठरवलं, तेव्हा बाईंनीच मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या टेबलावर असतो. कधीमधी एखाद्या लांबच्या गावातून कुणीतरी साहेबांना विचारतं. बाई गावाचं नाव विचारून घेतात, "मी येऊन भेटते" म्हणतात, आणि खरंच जातात.

मित्रांनो, जुना झालो म्हणून मला इतक्यात बंद करू नका. अजून कुठेतरी कुणी बिभीषणरावांची वाट पाहत असेल. त्याच्या अंगणात बसून त्याला कुणीतरी सांगायचं राहिलं आहे.