धुतल्या तोंडाचा गवा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, चांगला साठ वर्षांचा. हे मला स्वतःच्याच तोंडाने सांगावं लागतंय, कारण ते तोंड पाहून कुणाचा विश्वास बसत नाही. जाणकार म्हणवणारी माणसं मला उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, हा तर परवा केलेला. आयुष्यात एकदाच अशा एका जाणकाराने मला जुना म्हटलं. तेही माझ्या वयाकडे पाहून नव्हे, तर माझ्या अंगावरच्या आठ दिवसांच्या घाणीकडे पाहून. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी जन्मलो ब्वा लोकांच्या एका गावात, बोनू लोहाराच्या अंगणात. आमच्याकडे मुखवटे लोहारच कोरतात. पांढऱ्या सावरीचा ओंडका घेऊन बोनूने वाकसाने मला घडवलं. मागे वळलेली दोन शिंगं, गोल डोळे, डोळ्यांभोवती कोरलेली कडी आणि उघडं तोंड. मी रानगवा आहे आणि न्युमु घराण्याचा आहे. गेरूचा तांबडा, खडूचा पांढरा आणि बाभळीच्या शेंगा उकळून केलेला काळा, असे तीन रंग मला लावले. अंबाडीच्या दोऱ्यांचा झगा माझ्याखाली आला आणि मी नाचायला उभा राहिलो.

आता आमची रीत ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. दर वर्षी नाचाचा हंगाम आला की आम्हा मुखवट्यांना तळ्याच्या चिखलात बुडवून ठेवतात. चार-पाच दिवसांत लाकडातले किडे मरतात. मग आम्हाला वर काढून खसखसून घासतात, गेल्या वर्षीचा रंग पार उतरवतात आणि नवा लावतात. म्हणजे माझं वय साठ, पण तोंडावरचा रंग कधीच वर्षापेक्षा जुना नसतो. घरच्या देवाला कुणी धूळ खात ठेवतं का? आम्हाला मान आहे म्हणून तर आम्हाला आंघोळ आहे.

आणखी एक रीत. मुखवट्याच्या आत माणूस असतो हे बायकांना ठाऊक नसतं. म्हणजे ठाऊक असतं, पण नसतं. न्युमु घराण्यातला दोफिनी तीस वर्षं माझ्या आतला दोर दातांत धरून मला नाचवत होता आणि त्याची बायको ओदिल तीस वर्षं चार बायकांबरोबर लांब उभी राहून विचारत होती, हा गवा रानातून कधी आला? घामाघूम नवरा तासाभराने घरी यायचा. ती त्याला पाणी द्यायची आणि म्हणायची, तुम्ही कुठे होतात, आज काय सुंदर नाच झाला.

दोफिनी गेला. घरच्या माणसाचं सुतक फिटायचं तर घरच्या मुखवट्याने त्याच्यासाठी नाचावं लागतं. तोवर विधवेने गडद निळं कापड उतरवायचं नाही, बाजारात बसायचं नाही, कुणाच्या मेजवानीला जायचं नाही. ओदिल ज्वारीची दारू गाळायची, तिच्या हातच्या दारूला चार गावांतून गिऱ्हाईक यायचं. तेही बंद झालं. वर्ष सरलं, नाचाचा दिवस ठरला आणि मला तळ्यात बुडवलं.

तिथूनच मला चोरलं. चिखलातल्या लाकडावर कोण पहारा ठेवणार? कुणाचा हात होता ते मी सांगू शकत नाही, माझे डोळे गाळाने भरले होते. पोत्यात घातलं, मोटरसायकलला बांधलं आणि बोबो-दियुलासो शहरातल्या हम्मा बारीच्या दुकानात आणून टाकलं. हम्मा फुलानी, म्हणजे पिढ्यानपिढ्या गाई राखणाऱ्या लोकांतला. परदेशी शौकिनांना मुखवटे, कोरीव बाहुल्या, पितळी ओतीव मूर्ती विकणारा. माणूस दुष्ट नव्हता, फक्त कुठून आणलं हा प्रश्न तो कधी विचारत नसे.

माझा रंग धुपून गेलेला पाहून त्याला आनंदच झाला. शौकिनांना म्हणे जुनं काळपट अंग लागतं. नवा रंग दिसला की ते तोंड फिरवतात. मग हम्माच्या कारागिराने मला चुलीवर टांगून धुरी दिली. तोंडाला शिळी पेज फासली. त्यावर कोलाची कडू बी चघळून थुंकला आणि कोंबडीची पिसं चिकटवली, पूजेत रक्त चढल्यासारखं दिसावं म्हणून. साठ वर्षं ज्याला घासूनपुसून ठेवलं, त्याला मान होता हे दाखवायला त्याच्यावर थुंकावं लागलं. मी आतल्या आत किती चरफडलो असेन याचा विचार करा. माझ्या शेजारच्या खिळ्यावर एक माकडतोंड्या होता. जन्म गेल्या वर्षीचा, नाचाचं पाऊलसुद्धा न टाकलेला, पण धुरी चांगली बसली होती. तो माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहायचा की जणू माझा आजाच.

आठव्या दिवशी जेरार नावाचा फ्रेंच गृहस्थ आला. पांढरा सदरा, खिशात भिंग. माणूस मनापासून शौकीन होता, त्याच्या घरी म्हणे भिंतभर मुखवटे. त्याने मला हातात घेतलं, माझ्या गालावरच्या पेजेवरून हळूच बोट फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किती पिढ्यांची पूजा ही, असं तो पुटपुटला. अहो, पेज आहे ती! पण माझं उघडं तोंड नुसतं कोरलेलं. सौदा ठरला. हम्मा मला पुन्हा खिळ्यावर अडकवून गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं शोधू लागला.

आणि त्याच वेळी दारात येझुमा उभा राहिला. येझुमा म्हणजे दोफिनीचा धाकटा भाऊ, न्युमु घराण्याचा आताचा कर्ता. वीस वर्षं तोच मला रंगवत होता. आठवडाभर तो गावोगावचे बाजार धुंडाळत होता आणि आज शहरातली दुकानं पालथी घालत होता. त्याला चालताना धाप लागते, म्हणून पाण्याचा डबा घेऊन ओदिल बरोबर आली होती. गावात सांगताना मात्र ती शहरात दिलेल्या लेकीला भेटायला आली होती.

आमच्या ब्वा लोकांची आणि फुलानींची पिढ्यानपिढ्या थट्टेची सोयरीक आहे. एकमेकांना काहीही बोलावं, पण रागवायचं नाही. जो रागावला त्याची अब्रू गेली. तेव्हा हम्माने दारातच सुरुवात केली, की माझा पळून गेलेला गुलाम अखेर घरी आला. येझुमाने उलट विचारलं, मालकाला बसायला कधी देणार, का इथेही गाईच बसतात. दोघं हसले. मग येझुमाने हसणं थांबवून खिळ्यांवरचा एकेक मुखवटा पाहायला सुरुवात केली.

तो माझ्यासमोर आला. त्याने मला पाहिलं. नाक मुरडलं.

"आमचा असा घाणेरडा नाही," तो म्हणाला. "आमचा दर वर्षी आंघोळ करतो."

आणि पुढे गेला. ज्याच्या हाताने मी वीस वेळा न्हालो, तो मला ओळखत नव्हता आणि बोलत होता तेही शंभर टक्के खरं. कुणावर रागवावं हेच मला कळेना.

ओदिल मात्र थांबली होती. ती माझ्या डाव्या शिंगाकडे पाहत होती. बारा वर्षांपूर्वी नाचून घाईघाईने घरात शिरताना दोफिनीने ते शिंग तिच्याच स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटलं होतं. शिंगाचं टोक मोडलं, चौकटीचाही टवका गेला. रातोरात टोक डिंकाने बसवलं. सकाळी तिने विचारलं, चौकटीला काय झालं? दोफिनी म्हणाला, बकरीने धडक दिली. ती म्हणाली, मोठी उंच बकरी असेल. त्या विषयावर दोघंही पुन्हा बोलले नाहीत. पण तो सांधा आता ती बघत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

पण ती सांगणार कशी? हा माझ्या नवऱ्याचा मुखवटा, असं तोंडातून निघालं तर जे तिला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं होणार. दिराच्या कानातही ते सांगता येत नव्हतं. जेरार पैसे काढत होता. हम्माला वर्तमानपत्रं सापडली होती.

ओदिलने डब्याचं झाकण उघडलं.

"अरे फुलान्या," ती मोठ्याने म्हणाली, "गाईंच्या मागे फिरून फिरून तुला घर झाडायचंही भान राहिलं नाही. मालकिणीनेच येऊन घासायचं का?"

हम्मा हसत म्हणाला, "घास की. ब्वा बायकांना दारू गाळण्यापलीकडे काही येतं हे तरी कळेल."

बस, तेवढंच तिला हवं होतं. तिने मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर आडवं घेतलं, डबा माझ्या तोंडावर ओतला आणि निळ्या कापडाच्या पदराने घासायला लागली. हम्माचं हसू जागच्या जागी सुकलं. जेरार ओरडला, थांबवा तिला, शतकाची पूजा धुऊन टाकतेय ती. येझुमाच्या तोंडचं पाणी पळालं. बाईने मुखवट्याला हात लावायचा नसतो.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तो मुखवटा आहे."

"असेल, भावजी," ती हात न थांबवता म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय? मला तर मळकं लाकूड दिसतंय."

हम्मा दोन पावलं पुढे आला. दारात शेजारचे दुकानदार जमले होते. ब्वा बाईच्या थट्टेवर फुलानी चिडतो का, हे बघायला ते उत्सुक होते. हम्मा तिथेच थांबला आणि हात चोळत राहिला.

पेज गेली, पिसं गेली, धुरीचं काळं पाणी जमिनीवर पसरलं. डोळ्यांभोवतीच्या कड्यांत चिखलातही न निघालेला थोडा गेरू होता, तो वर आला. तिने मला येझुमाकडे सरकवलं. त्याने कड्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांना जे कळलं नव्हतं ते बोटाला कळलं. तो खाली बसला आणि मला छातीशी धरून रडला.

जेरारने पैसे परत खिशात घातले. धुतलेला मुखवटा त्याला नको होता. त्याने बराच वेळ भिंग लावून पाहिलं आणि शेवटी माकडतोंड्याला घेतलं. हा अस्सल जुना, असं म्हणाला.

हम्माने हातातली वर्तमानपत्रं बाजूला टाकली. मग म्हणाला, "घेऊन जा तुमचा गवा. डोकं बघा केवढं, अगदी ब्वासारखं." येझुमाने त्याला मानाच्या म्हणून कोलाच्या दोन बिया दिल्या. चोराचं नाव हम्माने सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पंधरा दिवसांनी नवा रंग लावून मी दोफिनीसाठी नाचलो. ओदिलचं सुतक फिटलं. येझुमाने गावात सांगितलं की गवा वाट काढत काढत स्वतःच रानातून परत आला. ढोलवाल्यांनी त्याचं गाणं केलं. सगळ्या गावाने माझी वाहवा केली, आणि जिने मला आणलं ती लांब बायकांत उभी होती. मी नाचता नाचता तिच्या अगदी समोर गेलो. रीतीप्रमाणे ती घाबरून मागे सरली. शेजारणीने विचारलं, हा इतके दिवस कुठे होता गं? ओदिल म्हणाली, मला बाई काय माहीत.

तर मित्रांनो, काचेच्या कपाटात माझ्यासारखा कुणी दिसला तर तो किती जुना आहे एवढंच विचारू नका. त्याला आंघोळ कोण घालत होतं आणि त्याच्यावाचून कुणाचं काय अडून बसलंय, तेही विचारा. मी ही गोष्ट तुम्हाला सांगितली, कारण तुम्ही लांबचे आहात आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. कधी आमच्या गावी आलात तर ओदिलच्या हातची दारू मोठी माणसं चाखतील, तुम्ही ज्वारीची लापशी खा. पण तिच्यापाशी माझा विषय काढू नका. तिला काही ठाऊक नाही.